शेवटच्या पानावरचा बाप्तिस्मा

१

धर्मपीठाचे न्यायाधीश उबेर्तो यांनी कायद्याच्या ग्रंथाचं शेवटचं पान उघडलं, बोट ठेवून एक ओळ वाचली, आणि फ्लांदिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ओळ चुकीची होती. दोन वर्षांपूर्वी याच पानावर तिनं स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं होतं: ज्या वर्षी गारांनी द्राक्षमळे झोडपले, त्याच वर्षी ऑक्टोबरात, संत ल्यूकच्या सणाआधी दोन दिवस रंगारी झकारियाच्या मुलीचा, बिलीसियाचा, बाप्तिस्मा झाला. आणि आता न्यायाधीश वाचत होते की बाप्तिस्मा आधी झाला आणि गारा पुढच्या वर्षी पडल्या.

एका वर्षाचा फरक. पण त्या वर्षावर एका पोरीचं अख्खं आयुष्य अडकलं होतं. बिलीसिया फ्लांदिनाच्या मेलेल्या बहिणीची मुलगी. चार वर्षांपूर्वी जानेवारीत, संत आग्नेसच्या दिवशी, तिचे केस कापून तिला सांता दोरोतेआच्या मठात व्रत घ्यायला लावलं होतं. बारा वर्षं पुरी व्हायच्या आत मुलीकडून घेतलेलं व्रत तिला बांधत नाही, असा चर्चचा कायदा आहे, आणि तो कायदा याच ग्रंथात, मधल्या पानांत लिहिलेला आहे. खऱ्या ओळीप्रमाणे बिलीसिया तेव्हा सव्वाअकरा वर्षांची होती. या नव्या ओळीप्रमाणे सव्वाबारा.

"फ्लांदिनाबाई," न्यायाधीश म्हणाले, "मुलीला सोडवायचा अर्ज तुम्ही लिहिलात. पान बघा म्हणालात. पान तर उलटंच सांगतंय."

"पान बदललंय, महाराज."

मागच्या बाकावर लांबेर्तो हसला. हा बिलीसियाचा सख्खा काका. पुतणी मठात गेली तशी मेलेल्या भावाची कापड रंगवायची रंगशाळा याच्या घशात गेली होती. "बाई दिवसभर पोथ्या उतरवतात ना," तो म्हणाला, "स्वप्नातही वाचत असतील."

मठाच्या प्रमुख मदर रेंगार्दा हसल्या नाहीत. त्यांनी फक्त शेजारी बसलेल्या बिलीसियाच्या मनगटावर हात ठेवला, निसटतं भांडं धरावं तसा. पोरीचे हात राखेच्या पाण्यात कपडे धुऊन फुटले होते. पंधरा वर्षांची मुलगी, आणि हात साठीच्या बाईचे. ती मावशीकडे बघत होती. रडत नव्हती, आणि तेच फ्लांदिनाला बघवेना.

"शुक्रवारी सकाळी निकाल देईन," न्यायाधीश म्हणाले. "पान बदललंय असं म्हणता, तर सिद्ध करा. ग्रंथ इथे माझ्या लेखनिकासमोर बघता येईल. नाही जमलं, तर मुलगी कायमची मठाची, आणि खोट्या अर्जाबद्दल तुमच्याशी मला वेगळं बोलावं लागेल."

तो मंगळवार होता.

२

ग्रंथ तसा काही राजेशाही नव्हता. शंभर वर्षांपूर्वी बोलोन्यातल्याच कुणा विद्यार्थ्यानं उतरवून घेतलेला. एकदा पुराच्या पाण्यात खालचा कोपरा भिजलेला, एकदा कुणीतरी त्यावर वाइन सांडलेली. वेशीबाहेरच्या सान बियाजोच्या चर्चमध्ये तो काकाकडून पुतण्याकडे येत फादर ग्विदोत्तोंकडे आला होता. शेवटचं पान कोरं होतं. चर्मपत्र महाग, म्हणून तिथल्या पाद्र्यांनी त्यावर गावच्या मोठ्या घटना टिपायला सुरुवात केली. शेपटीचा तारा, नवी घंटा, गारा, आणि आठवण झाली तर बाप्तिस्मे.

फ्लांदिनानं ते पान डोळ्यांनी वाचलंच नाही. आधी बोटांनी वाचलं. बावीस वर्षं ती चर्मपत्रावर लिहीत आली होती. कातड्याला दोन बाजू असतात: केसांची बाजू पिवळसर, बारीक ठिपक्यांची, मांसाची बाजू पांढरी, मऊ. वही बांधताना केसांची बाजू केसांच्या समोर, मांसाची मांसाच्या समोर यायला हवी. पुस्तक कुठंही उघडा, डावं-उजवं पान एकाच रंगाचं दिसलं पाहिजे. त्यात चुकलं की शिकाऊ पोरांच्या पाठीत गुरूची पट्टी बसते.

इथे डावं पान पांढरं होतं आणि उजवं पिवळं. मुळाशी जुन्या पानाची बोटभर पट्टी उरली होती आणि तिच्यावर नवं पान चिकटवलं होतं. काम इतकं सफाईनं केलेलं की नुसत्या डोळ्याला कळू नये.

"हे बघा," तिनं लेखनिकाला दाखवलं.

"जुनी पुस्तकं अशी असतात," लेखनिक जांभई देत म्हणाला. "कुणी शंभर वर्षांपूर्वी चुकला असेल. कुणी बदललं ते सांगा, मग महाराज ऐकतील."

तिनं नखानं पट्टीवरचा वाळलेला चिकट कण खरवडला आणि रुमालात बांधला.

फादर ग्विदोत्तो बाहेर ओट्यावर बसले होते. त्यांना आता हाताची बोटंही धड दिसत नसत. "माझ्या कपाटातून ग्रंथ फक्त एकदा बाहेर गेला, लेकी," ते म्हणाले. "ईस्टरनंतर शिवण तुटली म्हणून पेत्रिझोलोकडे बांधायला दिला. तिथून मदर रेंगार्दांनी मागवला, त्यांना मठाचा कुठलासा नियम बघायचा होता. सात आठवड्यांनी येणाऱ्या पेंटेकॉस्टच्या सणाआधी परत आला. मला एवढं चालवत नाही, म्हणून ने-आण तुझ्या नवऱ्यानं केली. देवमाणूस आहे आस्पेत्तातो."

"मीच सांगितलं होतं त्यांना," फ्लांदिना म्हणाली.

म्हणजे बांधणीवाला, नाहीतर मठ. आणि मठात दर आठवड्याला रंगवलेलं कापड घेऊन कोण जातो? लांबेर्तो. तिनं अंगावरची शाल आवळली आणि निघाली.

३

पेत्रिझोलोच्या दुकानात कातड्यांचा सरस शिजत होता. त्या वासानं तिचं डोकं उठलं. घरीही मध्यंतरी असाच वास कोंडला होता. पेंटेकॉस्टच्या आदल्या दिवशी ती एका सरदाराच्या वाड्यावरचं आठवडाभराचं लेखनकाम संपवून परतली, तेव्हा खोलीभर जळक्या कातड्याचा वास होता. सरस करपला, असं आस्पेत्तातो म्हणाला होता आणि त्यानं खिडक्या उघडल्या होत्या.

"पान तू बदललंस?" तिनं पेत्रिझोलोला सरळ विचारलं.

बांधणीवाल्यानं हातातली सुई खाली ठेवली. "बाई, घरात येऊन शिव्या द्यायच्या तर निदान बसून द्या. मला अक्षर ओळखता येत नाही. माझं नाव लिहून दाखवलंत तर मी ते उलटं धरेन."

"शिवताना पान कसं होतं?"

"केसांना केस. दुसरं कसं असणार? माझ्या हातातून पांढऱ्यासमोर पिवळं गेलं असतं, तर माझ्या अंगठ्यानं बोंब मारली असती. ते शेवटचं पान मी स्वतः ओवलं, दोरा घालून. चिकटवलं नाही."

तिनं रुमाल सोडला. पेत्रिझोलोनं तो कण बोटावर घेतला आणि खुशाल जिभेवर ठेवला. "ही गव्हाची खळ आहे. माझ्या दुकानात सरस सोडून काही मिळणार नाही. खळ कोण वापरतं, सांगू? तुम्ही लोक. लेखनिक. फाटलेलं पान सांधायला."

"या शहरात लेखनिक दोनशे आहेत."

"मग दोनशे दारं ठोठावा. पण माझं दार तुम्ही उगाच ठोठावलंत." तो परत सुईकडे वळला. नंतर थोडं नरमाईनं म्हणाला, "ती मुलगी लहानपणी इथे दोऱ्याची रिळं न्यायला यायची. गाणं म्हणत यायची. मठात गाऊ देतात का तिला?"

फ्लांदिनानं रुमाल परत बांधला आणि ती दुकानाबाहेर पडली.

४

कालव्याकाठच्या रंगशाळेत लांबेर्तो हौदावर वाकून कापड काढत होता. त्याचे हात कोपरापर्यंत निळे होते.

"आलात?" तो म्हणाला. "मला वाटलंच. सगळ्यांना वाटतं लांबेर्तोनं पुतणी विकली."

"विकलीसच."

"मठात दोन वेळचं जेवण मिळतं तिला. बाहेर कोण घालणार होतं? तुम्ही? तुमचं तर स्वतःचं छप्पर नाही." त्यानं दोन्ही हात तिच्या तोंडासमोर धरले. "हे बघा. वीस वर्षं धुतोय, निघत नाही. मी त्या पानाला नुसतं बोट लावलं असतं, तर अख्ख्या बोलोन्याला दिसलं असतं. त्या मुलीचा बाप्तिस्मा निळा झाला असता."

हे तिला पटलं, आणि पटलं म्हणून तिला त्याचा अधिकच राग आला. या माणसानं हात न लावता सगळं मिळवलं होतं.

मठात मदर रेंगार्दा जाळीआडून बोलल्या. ग्रंथ चार दिवस इथे होता, हो. नियम बघितला, हो. कुणी लिहिणारं आमच्याकडे नाही, सगळं लेखन आम्ही बाहेर देतो. "बहुतेक तुमच्याच घरी, फ्लांदिनाबाई. विसरलात?"

"नाही विसरले."

"आणि ते घरही मठाचंच आहे. तेरा वर्षं राहताय. आम्ही कधी बोलून दाखवलं नाही." जाळीमागे जपमाळेचे मणी सरकले. "उपकाराची जाण काही माणसांना असते. तुमच्या घरातही आहे. तुम्हाला नाही, एवढंच."

"पोरीला इथे डांबून ठेवणं हा उपकार?"

"पोर देवाची आहे."

"मग देवाला खोटं पान कशाला लागलं?"

मणी थांबले. आतून कुणीतरी कपडे आपटत होतं, एका लयीत, थकलेल्या हातांनी. मदर उठून गेल्या.

फ्लांदिना रस्त्यावर आली आणि चार पावलं चालून उभी राहिली. तुमच्या घरातही आहे. त्या बाईनं हे का म्हणावं? पण घरात न्यायला नको असलेलं काहीतरी माणूस जसं रस्त्यातच टाकून देतो, तसं तिनं ते तिथंच टाकलं.

५

गुरुवारी दुपारी तिनं ग्रंथ पुन्हा मागितला. ऊन थेट येतं त्या खिडकीशी नेला आणि ते शेवटचं पान उभं धरलं.

सगळीकडून ऊन सारखं झिरपत होतं. फक्त अगदी वरच्या कडेला, नखभर जागेत, पान पातळ होतं. तिथे सुरीनं खरवडलं होतं. पण लेखनिकाची शाई नुसती वर बसत नाही, ती कातड्याला चावते. खरवडलं तरी तिचे दात उरतात. डोळे बारीक करून तिनं ते दात वाचले.

एक क्रूस. त्याच्या खाली तीन ठिपके. आणि पुढे: पवित्र मरिये, आरंभाला सोबत कर.

नवं पान घेतलं की लेखनिक आधी वरच्या कडेवर बारीक अक्षरात ही प्रार्थना लिहितो. ती कुणाला दिसत नाही, कारण बांधणीवाला शेवटी कडा कापतो आणि प्रार्थनेची ती चिंधी केरात जाते. प्रत्येकाची रीत वेगळी. फ्लांदिना क्रूसाखाली एक ठिपका देई. पण हे पान ग्रंथाच्या मापानं आधीच कापलेलं होतं. याच्यावर कुणाची सुरी चालणार नव्हती. खोटं लिहायला बसलेल्या हातानं सवयीनं आधी मरियेला हाक मारली, मग चूक कळली, मग खरवडली.

तीन ठिपके. बापाच्या, आईच्या आणि गुरूच्या नावाचे, असं लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यानं तिला हसत सांगितलं होतं.

आणि मग सरसाचा तो वास आठवला. सरस करपला म्हणे. त्यांच्या घरात सरस कधी आलाच नव्हता. त्यांच्या घरात खळ असायची.

"काही सापडलं?" लेखनिकानं विचारलं.

"उद्या सांगते," ती म्हणाली आणि ग्रंथ मिटला.

६

आस्पेत्तातो खिडकीशी बसून बोरू तासत होता. बावीस वर्षं दोघं शेजारी बसून लिहीत आले होते. तिच्या चुका तो हळूच खोडून द्यायचा, कुणाला कळू न देता.

"जेवलीस का?" त्यानं विचारलं. "चेस्टनटची भाकरी ठेवलीय झाकून."

"तीन ठिपके दिलेस," ती म्हणाली.

बावीस वर्षांत तिनं त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. त्याच्या हातातला बोरू थांबला. त्यानं नाकारलं नाही. निदान तेवढं तरी केलं त्यानं.

"मदर रेंगार्दांनी मठात बोलावून सांगितलं," तो खाली बघत म्हणाला. "एक ओळ. नाहीतर सप्टेंबरातल्या संत मायकेलच्या सणापर्यंत घर रिकामं करा. आपण कुठे जाणार होतो? तुझे गुडघे…"

"माझे गुडघे मध्ये आणू नकोस."

"तुला विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"म्हणून नाही विचारलंस. माझ्याच हातानं तुझ्याकडे ग्रंथ पाठवला मी. माझ्याच बहिणीची पोर. तिला तू खांद्यावर घेऊन घंटा दाखवायला नेत होतास, आस्पेत्तातो." तिचा आवाज चढत नव्हता, खाली जात होता. "आणि हे करायला बसलास तेव्हा आधी मरियेला हाक मारलीस? आरंभाला सोबत कर म्हणालास? कशाच्या आरंभाला?"

"सवयीनं गं. हात आपोआप…"

"जुनं पान?"

"जाळलं."

ती खाली बसली. एवढी चिडली होती की हसू यायला लागलं. मग तिनं सगळं नीट सांगितलं, एखाद्याला शिवण समजावून सांगावी तसं.

"उद्या मी पान खोटं आहे हे सिद्ध करणार. पांढऱ्यासमोर पिवळं, खळ, पेत्रिझोलोचा अंगठा. मग महाराज विचारतील कुणी केलं. मी तुझं नाव घेतलं, तर तुला शहराच्या ताब्यात देतील. खोटा दस्तऐवज करणाऱ्याचा उजवा हात शहर मनगटापासून तोडतं. पण कुणी नाव घ्यायच्या आत तू स्वतः उठून कबूल केलंस, तर धर्मपीठ स्वतःच प्रायश्चित्त देतं, रक्त सांडत नाही. महाराजांनी विचारलं की मी गप्प राहीन, एक श्वास. तेवढाच वेळ मिळेल तुला."

"आणि मी उठलो नाही तर?"

"तर मी तुझं नाव घेईन," फ्लांदिना म्हणाली. "घेईन मी. माझ्याकडे बघ आणि सांग, घेणार नाही का?"

त्यानं बघितलं. मग तासलेला बोरू उगाच परत तासायला लागला.

७

शुक्रवारी दालन भरलं होतं. फ्लांदिनानं पान उघडून पिवळं आणि पांढरं दाखवलं. पेत्रिझोलोनं उठून आपला अंगठाच दाखवला आणि लोक हसले. लांबेर्तोनं आपले निळे हात काखेत लपवले. न्यायाधीशांनी स्वतः पानावर बोट फिरवलं, कडेचा तो पातळ भाग उन्हात धरला, आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"पान बदललं आहे, हे मला मान्य," ते म्हणाले. "आता सांगा. कुणी?"

ती गप्प राहिली, ठरवल्याप्रमाणे. बिलीसिया तिच्याकडे बघत होती. मदर रेंगार्दाही बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खात्री होती की बाई नवऱ्याचं नाव घेणार नाही. त्या खात्रीनंच फ्लांदिनाचे ओठ उघडले.

"मी," मागून आवाज आला.

आस्पेत्तातो उभा होता. त्यानं उजवा हात डाव्या हातात घट्ट धरला होता. त्यानं सगळं सांगितलं. कुणी बोलावलं, काय धमकी दिली, कुठे बसून लिहिलं. मग जळलेल्या पानावरच्या नोंदी त्यानं एकामागून एक पाठ म्हटल्या. शेपटीचा तारा. नवी घंटा. गारा. आणि गारांनंतर, त्याच वर्षी, संत ल्यूकच्या आधी दोन दिवस, बिलीसिया. नकला उतरवणारा माणूस. हातातून गेलेली ओळ त्याला विसरता येत नव्हती.

न्यायाधीशांनी निकाल तिथल्या तिथे दिला. व्रत घेतलं तेव्हा मुलीला बारा पुरी नव्हती. ती मोकळी आहे. आस्पेत्तातोनं मरेपर्यंत हातात बोरू धरायचा नाही.

"आणि मदर?" फ्लांदिनानं विचारलं.

न्यायाधीशांनी ग्रंथ मिटला. "मठाच्या प्रमुखांचा न्याय माझ्या अखत्यारीत नाही. तो बिशपांचा. त्यांच्यापुढे कुणाची लेखी तक्रार आली, तर ते बघतील. सहसा कुणी करत नाही."

मदर रेंगार्दा जपमाळ आवरून शांतपणे निघून गेल्या. जाताना त्यांनी फ्लांदिनाला सांगितलं की घर महिनाअखेर रिकामं हवं.

घर रिकामं झालं. आस्पेत्तातो आता कालव्यापलीकडे चर्मकाराकडे कातडी खरवडतो; केसांची बाजू, मग मांसाची बाजू. रात्री भाड्याच्या खोलीत येतो, जेवतो, झोपतो. फ्लांदिना त्याला वाढते. परत "अहो" म्हणायला अजून तिची जीभ वळलेली नाही, आणि कधी वळेल हे तिलाही माहीत नाही.

बिलीसियाचे हात हळूहळू भरून येतायत. तिला लिहायला शिकायचं होतं. अक्षरं वळायला लागल्यावर एका सकाळी मावशीनं तिच्यापुढे कोरं पान ठेवलं, बोरू दिला, आणि पोरीनं लहानपणापासून त्या दोघांना बघून पाठ झालेल्या सवयीनं हात अगदी वरच्या कडेला नेला.

"तिथे नको," फ्लांदिना म्हणाली. "ती जागा कोरी राहू दे. पहिली ओळ इथून घे."

"काय लिहू?"

फ्लांदिनानं खुर्ची जवळ ओढली. राग अजून तिथेच होता, धगधगीत आणि कामाचा.

"लिही," ती म्हणाली. "बिशप महाराजांच्या सेवेशी. सांता दोरोतेआ मठाच्या प्रमुख रेंगार्दा यांच्याविरुद्ध तक्रार. तक्रार करणारी, रंगारी झकारियाची मुलगी बिलीसिया. आणि पुढे तुझ्या जन्माचं वर्ष घाल. मोठ्या अक्षरात."